बावन्न घरं, चौतीस स्वर

मेंडोलिनच्या शिकवणीत पहिले काही महिने काय चालतं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. सा रे ग म प ध नी सा, मग उलट. सारेग-रेगम-गमप, मग तेही उलट. मग तेच सगळं दुगुनीत, आणि बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत चौगुनीत. जोडतारांचं वाद्य असल्यामुळे घट्टे लवकर पडतात. वर्षभराने त्याच विद्यार्थ्याला म्हणावं, ‘सा इथे धर आणि मला धैवत दाखव’, की त्याचं बोट हवेत थांबतं. मग तो मनातल्या मनात खालून मोजत येतो, सा, रे, ग, म, प... हां, ध. शेजारच्या आळीत जायचं तर आधी स्वतःच्या घरी परतायचं आणि तिथून पुन्हा निघायचं, असा हा प्रकार. पलटे त्याने वर्षभर घोटलेले असतात, तेही प्रामाणिकपणे, तरी पडद्यांची ओळख झालेली नसते. अशा वेळी काही जण पलट्यांनाच नावं ठेवतात आणि सरळ गाण्यांकडे वळतात. मला ते पटत नाही. पलट्यांकडे आपण चपळाई मागितली आणि त्यांनी चपळाई दिली. फ्रेटबोर्डची ओळखही ते देऊ शकतात, फक्त ते घोटायची रीत बदलायला हवी.

आधी हा फ्रेटबोर्ड केवढा आहे ते पाहू. तारा आठ, पण दोन-दोन एकाच स्वरात मिळवलेल्या, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या दृष्टीने चारच. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर जाडीकडून बारकीकडे पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिनच्या तारा नेमक्या याच. सोयीसाठी सर्वांत जाड तारेला इथे पहिली म्हणू. मोकळी तार धरून बाराव्या पडद्यापर्यंत एका तारेवर १३ जागा होतात, चार तारांवर ५२. पत्त्यांच्या जोडात जितकी पानं, तितकी घरं. स्वर मात्र ५२ नाहीत. सर्वांत खालच्या स्वरापासून सर्वांत वरच्या स्वरापर्यंत मोजत गेलं तर वेगवेगळे स्वर ३४ भरतात, कारण १८ स्वरांची दोन-दोन घरं आहेत. दुसऱ्या तारेचा मोकळा स्वर पहिल्या तारेच्या सातव्या पडद्यावर बसलेला असतो, तिसरीचा दुसरीच्या सातव्यावर. शिवाय घरं सारख्या मापाची नाहीत. सुमारे ३५ सेंटिमीटर वाजत्या तारेवर पहिला पडदा जवळजवळ दोन सेंटिमीटरवर येतो, तर अकराव्या आणि बाराव्या पडद्यात जेमतेम एक सेंटिमीटर उरतं. म्हणजे खाली पसरलेला हात वर आवळावा लागतो. एवढा पसारा नुसता पाठ करून डोक्यात राहत नाही. त्याला काहीतरी अंगभूत शिस्त लागते, आणि सुदैवाने मेंडोलिनमध्ये ती आहे.

ती शिस्त म्हणजे षड्ज-पंचम भाव. प्रत्येक तार तिच्या अलीकडच्या जाड तारेचा पंचम असते. पहिली तार सा मानली की दुसरी मोकळी तार आपोआप प होते, म्हणजे सप्तकाचं पूर्वांग एका तारेवर आणि उत्तरांग शेजारच्या तारेवर बसतं. बिलावल थाट घ्या. पहिल्या तारेवर ०-२-४-५ म्हणजे सा रे ग म. दुसऱ्या तारेवर पुन्हा ०-२-४-५ म्हणजे प ध नी सा. पडदे तेच, बोटंही तीच. काफीत दोन्ही तारांवर ०-२-३-५ येतं, भैरवात ०-१-४-५, भैरवीत ०-१-३-५. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी या चारांत खालचा अर्धा भाग आणि वरचा अर्धा भाग जुळ्या भावांसारखे आहेत. पुढे आणखी गंमत आहे. खमाज म्हणजे खाली बिलावलचा आकार आणि वर काफीचा. आसावरी म्हणजे खाली काफी आणि वर भैरवी. चार आकार हाताला आले की सहा थाट पदरात पडले. उरलेल्या चारांत, म्हणजे कल्याण, मारवा, पूर्वी आणि तोडीत, तीव्र मध्यम खालच्या भागाचा आकार मोडतो. कर्नाटक पद्धतीत नवशिक्याला पहिले धडे मायामालवगौळ रागात देतात. ती प्रथा पुरंदरदासांनी घालून दिली असं परंपरा मानते. त्या रागाचे स्वर आपल्या भैरव थाटाचेच, म्हणजे पुन्हा जुळा आकार. गिटारवर हे सुख नाही. तिथे एका ठिकाणी दोन तारांतलं अंतर बदलतं आणि बसवलेला आकार त्या जागी तुटतो.

हे सगळं इतकं सरळ असताना विद्यार्थी अडतो कुठे? अडतो तो मोकळ्या तारेपाशी. शिकवणीत पहिला सा बहुधा मोकळ्या तारेवर किंवा तिच्या आसपास धरला जातो आणि तिथेच मुक्काम पडतो. मोकळी तार फुकट मिळते, बोट दाबावं लागत नाही, आवाज भरघोस येतो. मग कुणी गायक समोर बसतो आणि म्हणतो, ‘माझी काळी एक.’ आता काळी एकपासून बिलावल थाट मांडून पाहा. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी एक. मेंडोलिनच्या चार मोकळ्या तारांपैकी एकही या सात स्वरांत नाही. वर्षभराचा रियाज ज्या चार खांबांवर उभा होता ते चारही एका वाक्यात काढून घेतले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मेंडोलिनने जो काळ गाजवला, त्या काळी स्टुडिओत पट्टी ठरायची ती गायकाच्या गळ्यावरून. वाजवणाऱ्याला कुठली सोयीची हा प्रश्नच नव्हता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) मूळचे मेंडोलिनवादक, आणि संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) तर या वाद्यावर राग वाजवायचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेजिओ घोटून आलेले वादक त्याच स्टुडिओत शेजारी बसलेले असत, आणि समोर येईल त्या पट्टीत वाजवणं हे त्यांच्या रोजीरोटीचं काम होतं. ‘काळी एक’ ऐकून त्या खोलीत कुणी दचकलं असेल असं वाटत नाही.

काळी एकचा सा पहिल्या तारेवर सहाव्या पडद्यावर आहे. तिथे तर्जनी ठेवली की ६-८-१०-११, आणि शेजारच्या तारेवर पुन्हा ६-८-१०-११. मघाचाच आकार, फक्त सहा घरं वर सरकलेला, आणि मोकळ्या तारेचं काम आता तर्जनी करते. अशा बंद आकाराचा सराव केला की पट्टी कुठलीही येवो, हात तोच राहतो. पण एवढ्यावर थांबलं तर पुन्हा एकच वाट पाठ होते. म्हणून तोच सा चारही बोटांनी धरून पाहावा. पांढरी एकचा सा पहिल्या तारेच्या पाचव्या पडद्यावर घ्या. तर्जनीने सुरुवात केली तर दोन तारांवर चार आणि चार स्वर पडतात. मधल्या बोटाने केली तर ५-७-९, मग दुसऱ्या तारेवर ३-५-७-९, आणि वरचा सा तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, वाटणी तीन-चार-एक. अनामिकेने केली तर ५-७, मग २-३-५-७, मग २-३, वाटणी दोन-चार-दोन. करंगळीसाठी सा जरा वर, सातव्या पडद्यावर घ्यावा लागतो: ७, मग २-४-५-७, मग २-४-५, वाटणी एक-चार-तीन. अमेरिकेतले मेंडोलिन शिकवणारे अशी चार बोटांची मांडणी करून घेतात. आपल्याकडे मात्र करंगळी शक्यतो टाळायची वस्तू समजली जाते, आणि पन्नास घरांच्या वाद्यावर पंधरा घरांत संसार थाटला जातो.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे. हे चारही आकार एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने, वीस-वीस वेळा घोटले तर काय होईल? पुन्हा चपळाई येईल. १९७९ साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. हातात टेनिसचा चेंडू धरून समोरचे छोटे अडसर ठरावीक क्रमाने, जमेल तितक्या वेगात पाडायचे, असे तीन क्रम. एका गटाने पहिला क्रम पुरता घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही मिसळून, पुढे कुठला येणार याचा भरवसा नसलेले दिले. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी तपासलं तेव्हा दुसरा गट पुढे होता. अडसर पाडणं म्हणजे भैरव वाजवणं नव्हे, हे मान्य. पण एकच पलटा वीसदा वाजवताना पहिल्या दोन खेपांनंतर डोकं रजेवर जातं, हे कुणाही वाजवणाऱ्याला कबूल करावं लागेल. विसाव्या खेपेला सफाईदार वाजतं म्हणून विद्यार्थी खूश, शिकवणाराही खूश. दुसऱ्या दिवशी सा बदलला की ती सफाई कुठे गेली ते दोघांनाही कळत नाही.

आपल्या परंपरेला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात स्वरांच्या उलटापालटीचा हिशेब आहे: सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतले तर ५०४० क्रम होतात. (पाच सेकंदांना एक या वेगाने ते वाजवले तर बरोबर सात तास लागतील, उत्साही मंडळींनी आधी तारांचा जादा संच आणून ठेवावा.) पण मला त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटतात ते त्याच प्रकरणातले दोन शब्द, नष्ट आणि उद्दिष्ट. क्रमांक दिला असता त्या क्रमांकाची स्वररचना शोधणं म्हणजे नष्ट. स्वररचना दिली असता तिचा क्रमांक सांगणं म्हणजे उद्दिष्ट. एकच कोष्टक, पण दोन्ही दारांनी आत शिरता आलं पाहिजे. फ्रेटबोर्डच्या सरावाला हेच लागू करावं. स्वर सांगितला, घर शोधा: सा पांढरी दोन, कोमल गंधार कुठे, आणि त्याचं दुसरं घर कुठे? घर दाखवलं, स्वर सांगा: तिसऱ्या तारेचा चौथा पडदा, सा काळी तीन असेल तर हा कोण? तो पंचम आहे. सा काळी एक केला तर तोच षड्ज होतो. पलट्याची सुरुवात दर वेळी सा पासूनच कशाला? धैवतापासून करावी, वरून खाली यावं, मधेच दुसऱ्या आकारात उडी घ्यावी, आणि बोट पडण्याआधी स्वराचं नाव तोंडाने घ्यावं. नाव आधी आणि बोट नंतर, हा क्रम उलटला की पुन्हा बोटांचाच कारभार सुरू होतो. लय निम्म्यावर येईल. येऊ द्यावी.

यावर सर्वांत दमदार आक्षेप कानवाल्यांचा. थोर वादक कुठे पलटे घोटत बसले होते, गाणी ऐकली आणि उचलली, असं म्हणतात आणि दाखला देतात बिल मन्रोचा. केंटकीतला हा माणूस (१९११–१९९६) ब्लूग्रास संगीताचा जनक मानला जातो. त्याचं घडणं बरंचसं कानावरच झालं; फिडल वाजवणाऱ्या मामाच्या, पेन व्हँडिव्हरच्या, चाली ऐकून त्याने त्या मेंडोलिनवर आणल्या. दाखला खरा आहे, पण त्यातून निघतं काय ते नीट पाहायला हवं. फिडल आणि मेंडोलिनच्या तारा सारख्या, त्यामुळे मामाची चाल भाच्याच्या वाद्यावर त्याच जागांवर बसली. पुढे त्याने आपल्या उंच आवाजाला मानवणाऱ्या पट्ट्यांत, बी आणि बी फ्लॅटमध्येसुद्धा, गाणी नेली, आणि तिथे मोकळ्या तारांचा आधार विरळ होतो. ते काम फ्रेटबोर्ड ओळखणाराच करतो. ओळख पलट्यांतून झाली की शेकडो चालींतून, हा मुद्दा वेगळा. ज्याच्या घरात रात्रंदिवस ते संगीत चालू आहे त्याला चाली पुरतात. आठवड्याला तीन-चार तास वाजवणाऱ्या माणसाला त्या शेकडो चाली आणायच्या कुठून?

याहून बोलका दाखला यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांचा आहे. आंध्रातल्या पालकोलचा हा मुलगा रुद्रराजू सुब्बराजू यांच्याकडे शिकला. गुरूला मेंडोलिन वाजवता येत नव्हतं. ते गात आणि मुलगा ते वाद्यावर शोधत असे. म्हणजे कुठलं बोट कुठे ठेवायचं याची नक्कल करायची सोयच नव्हती. कानावर स्वर पडला की त्याचं घर स्वतः धुंडायचं, रोज, शेकडो वेळा. शार्ङ्गदेवाच्या भाषेत, त्या मुलाचं सगळं शिक्षणच उद्दिष्टाचं झालं. ते कानाने शिकले हे खरंच आहे. पण मी वर जी रीत सांगितली ती याहून फार वेगळी नाही, फक्त गाणारा गुरू ज्याला रोज लाभत नाही त्याच्यासाठी ती आहे.

दुसरा आक्षेप रागवाल्यांचा, आणि तो तात्त्विक आहे. राग म्हणजे स्वरांची पट्टी नव्हे. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर एकच, तरी एकात गंधार बोलतो आणि दुसऱ्यात धैवत. पलटे घोटून राग येत नाही, उलट रागाला यंत्राची चाल लागते. पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. दुसरं मान्य करण्याआधी भूपातली एक साधी जागा मेंडोलिनवर वाजवून पाहावी, पंचमावरून गंधारावर घरंगळत येणारी. सा पहिली मोकळी तार असेल तर ग तिच्या चौथ्या पडद्यावर आणि प शेजारची मोकळी तार. एका तारेवरून दुसऱ्या तारेवर घसीट येत नाही. मोकळी तार छेडून मग चौथा पडदा दाबला की दोन सुटे स्वर ऐकू येतात आणि भूप तिथेच ओसरतो. ती जागा मिळवायची तर पंचमाचं दुसरं घर माहीत हवं, पहिल्याच तारेचा सातवा पडदा. तिथून चौथ्यावर घसरत यायचं. देशकारातल्या धैवताचंही तेच. दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर तो मोकळा-ढाकळा वाजतो, पहिल्या तारेच्या नवव्यावर जाड आणि जरा दबका. कुठला हवा हा रागाचा निर्णय, पण निवडायला दोन्ही ठाऊक असले पाहिजेत. ज्या मिंडेच्या आणि लगावाच्या नावाने पलट्यांना नाकारलं जातं, तिलाच पडद्यांची सर्वांत बारीक ओळख लागते. जोडतारांच्या मेंडोलिनवर मिंडेला मर्यादा आहेत हे वेगळं. श्रीनिवासांनी त्यासाठी वाद्यच बदललं, इलेक्ट्रिक मेंडोलिन घेऊन जोड्यांच्या जागी एकेरी तारा लावल्या आणि पाचवी वाढवली.

राहिला सोयीचा आक्षेप: टॅब वाचता येतात, पडद्यांवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, मग एवढी यातायात कशाला? टॅबमधला आकडा घर सांगतो, स्वर सांगत नाही. गायकाने पट्टी अर्ध्या स्वराने बदलली की सगळे आकडे रद्द. चिकटपट्ट्या महिनाभर ठीक. वेळेचं म्हणाल तर ही रीत वेळ वाढवत नाही, आहे तोच वेळ वेगळा वापरते: अर्ध्या तासातली दहा मिनिटं, रोज नवा सा, रोज वेगळं बोट. शिकवणाऱ्यांना मात्र एक गोष्ट सोडावी लागेल, ती म्हणजे वर्गात सगळ्यांनी एका सुरात, एका लयीत पलटे वाजवण्याचं समाधान. त्याऐवजी पंधरा मुलांचे अडखळणारे हात पाहावे लागतील. वादनाच्या प्राथमिक परीक्षांत अलंकार विचारतातच. परीक्षकाने तेव्हा हार्मोनियमची एखादी काळी दाबून ‘हा तुझा सा’ एवढं म्हटलं, तरी वर्षभरात शिकवण्या बदलतील.

आणि जुळे आकार अंगवळणी पडले की ते मोडणारे थाट हाताशी आहेतच. भैरवीतला मध्यम आणि निषाद एकेक पडदा वर सरकवला की तोडीचे स्वर मिळतात: पहिल्या तारेवर ०-१-३-६, दुसरीवर ०-१-४-५. काळी एकपासून तेच मांडलं तर ६-७-९-१२ आणि ६-७-१०-११. सहाव्या पडद्यावर तर्जनी टेकलेली, बाराव्यावर करंगळी ताणलेली, मधे सात सेंटिमीटरहून थोडं जास्त अंतर. तीव्र मध्यमाचं दुसरं घर या खेपेला दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर आहे, तर्जनीच्या एक घर खाली. तिथे तर्जनीने मागे सरकायचं की करंगळीने ताण सोसायचा, हे पुढचा स्वर पंचम आहे की गंधार यावर ठरेल.